एकतीस शहरं, एक मुकादम आणि मार्चअखेर: फ्रीसिव्हमधल्या एका लोकशाहीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून आमची सहा जणांची टोळी आहे. आम्ही फ्रीसिव्ह हा शहरं वसवून राज्य वाढवायचा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळतो. सिड मायरच्या १९९१ च्या ‘सिव्हिलायझेशन’च्या घाटणीचा हा खेळ डेन्मार्कमधल्या काही विद्यार्थ्यांनी सुरू केला. १९९६ पासून तो लोकांच्या हातात आहे, फुकट आहे आणि जुन्या कॉम्प्युटरवरही चालतो. शेवटची गोष्ट आमच्यासाठी महत्त्वाची, कारण आमचा सर्व्हर विश्रामबागेतल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात, गिऱ्हाइकाने परत न नेलेल्या एका डेस्कटॉपवर चालतो. रोज एक टर्न, म्हणजे खेळातली एक फेरी, आणि रात्री अकराला टर्न बदलतो. त्याआधी ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने लॉगिन करून आपापला कारभार उरकायचा.

हे प्रकरण आमच्यातल्या एकाचं आहे. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात ते हिशेब बघतात, म्हणून टोळीत त्यांना दिवाणजी म्हणतात. इथेही तेच नाव ठेवतो. बाकीच्यांची ओळख गावावरून: मिरजकर, कुपवाडकर. दिवाणजींना विचारूनच हे लिहितोय. त्यांची एकच अट होती, “आकडे बरोबर लिहा.”

शंभराव्या टर्नच्या सुमारास दिवाणजींकडे ३१ शहरं होती आणि राज्यपद्धत लोकशाही. शहरांना त्यांनी जिल्ह्यातली नावं दिली होती: तासगाव, पलूस, कुंडल, विटा, आटपाडी, भिलवडी, हरिपूर. राजधानी अर्थातच सांगली. नकाशात भिलवडीला समुद्र होता आणि आटपाडीला हिरवंगार गवत. प्रत्यक्षात जे नाही ते खेळात तरी असावं, असं त्यांचं म्हणणं.

अडचण

ज्यांनी हा खेळ खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक शहराच्या भोवती २१ टाइल (नकाशावरचे चौकोन) असतात. मधली आपोआप पिकते. उरलेल्या विसांपैकी कुठल्या टाइलवर कुठला नागरिक कामाला लावायचा ते आपण ठरवायचं. टाइलमधून अन्न, शील्ड (म्हणजे बांधकामाची ताकद) आणि ट्रेड मिळतं. ट्रेडची वाटणी आपण ठरवलेल्या टक्क्यांनी सायन्स, टॅक्स आणि लक्झरीत होते. लक्झरीने नागरिक खूश राहतात. प्रत्येक नागरिक टर्नला २ अन्न खातो. नाराज नागरिक खूश नागरिकांपेक्षा जास्त झाले की शहरात दंगल होते आणि त्या शहराची कमाई बंद पडते.

एका शहराला तीन मिनिटं धरली तरी ३१ शहरांचा दीड तास होतो. दिवाणजी रात्री साडेनऊला यार्डातून घरी येणार, जेवणार आणि अकराच्या आत एवढं सगळं उरकणार. जानेवारीपर्यंत हे कसंबसं जमलं. पुढे नव्या हळदीची आवक सुरू झाली, सौदे लांबायला लागले आणि त्यांचा टर्न अर्धवट राहायला लागला. कधी पलूसचं बघायचं राहिलं, कधी विट्यात कारंजं बांधून झालेलं असूनही पुढचं काम लावायचं राहिलं. (खेळात कारंजं नाही. आम्ही अॅक्विडक्टला, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या बांधकामाला, कारंजं म्हणतो. का, ते आता कुणालाच आठवत नाही.)

शेवटी त्यांचा मेसेज आला: “राव, आता मुकादम लावावा म्हणतो.”

फ्रीसिव्हमध्ये शहराला गव्हर्नर नेमता येतो. आमच्यात त्याला मुकादम म्हणतात, आणि हा शब्द नेमका आहे. ऊसतोडीचा मुकादम कुठला कोयता कुठल्या फडात लावायचा ते ठरवतो. ऊस कुठला लावायचा, गाळप कधी सुरू करायचं, हे त्याच्या हातात नसतं. फ्रीसिव्हचा मुकादमही तेवढंच करतो. आपण त्याला दोन गोष्टी सांगायच्या: कमीत कमी किती शिल्लक राहिली पाहिजे (अन्न, शील्ड, सोनं वगैरे), आणि त्यावर कशाला किती वजन द्यायचं. तो सगळ्या मांडण्या तपासतो आणि त्यातली सर्वांत जास्त गुणांची लावतो. शहर काय बांधणार, करांचे टक्के किती, सैन्य कुठे आहे, यातल्या कशालाच तो हात लावत नाही.

हे दिवाणजींना माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि रात्री पावणेअकराला आठवणं वेगळं.

समोरचे पर्याय

एका रविवारी दुकानात भडंग खात आम्ही यावर बोललो.

पहिला पर्याय होता जसं चाललंय तसंच चालू ठेवायचं आणि महत्त्वाची दहा शहरंच रोज बघायची. दिवाणजींना तो पटला नाही. “उरलेली एकवीस काय वाऱ्यावर सोडू?”

दुसरा पर्याय सर्व्हरवरून त्यांचं सगळं राज्यच खेळाच्या एआयकडे द्यायचा. त्याला एक आज्ञा आहे. पण एआय बांधकामापासून स्वारीपर्यंत सगळंच आपल्या मनाने करतो. आठवड्याने परत आल्यावर राज्य दुसऱ्याचंच वाटतं.

तिसरा पर्याय होता डेलिगेशन. खेळाडू आपला ताबा तात्पुरता दुसऱ्या माणसाकडे देऊ शकतो. हा पर्याय मीच मांडला आणि मीच मागे घेतला. टोळीतल्या कुणाकडे दिला तर त्याला दोन राज्यं सांभाळावी लागणार, आणि टोळीबाहेरचा माणूस आणायचा म्हणजे त्याला आधी खेळ शिकवायचा. आज वाटतं, तो फार लवकर बाजूला ठेवला.

चौथा पर्याय मुकादम. त्यातही दोन वाटा होत्या: सगळ्या शहरांना एकच साचा, किंवा शहरांचे गट पाडून प्रत्येक गटाला वेगळा.

दिवाणजींनी एकच साचा निवडला. कारण सरळ होतं: गट पाडायलाही एक संध्याकाळ लागते, आणि तेवढी संध्याकाळ असती तर मुकादमाची गरजच पडली नसती.

पहिली मांडणी आणि तिचं काय झालं

टर्न ११२ ला सगळ्या ३१ शहरांवर मुकादम बसला. अन्नाची किमान शिल्लक ०, शील्डची ०, आणि सगळं वजन ट्रेडवर. दंगल चालणार नाही, ही खूण तशीच ठेवली. शील्ड शून्याखाली गेली तर त्या शहराने पोसलेलं सैन्य बरखास्त होतं, म्हणून तिथे किमान शून्य ठेवणं शहाणपणाचं होतं. अन्नाचा शून्य मात्र महागात पडला.

टर्नचा वेळ पंचवीस मिनिटांवर आला. दिवाणजी खूश. नऊ टर्न गेले. मग त्यांच्या लक्षात आलं की कुंडल सहाचं सहावरच आहे.

कुंडलचा हिशेब मुळातून बघण्यासारखा आहे, कारण मुकादम कसा विचार करतो ते त्यात दिसतं. सहा नागरिकांना १२ अन्न लागतं. मधली टाइल ३ देते. बंदर बांधलेलं नाही, त्यामुळे समुद्राची टाइल १ अन्न आणि लोकशाहीत ३ ट्रेड देते. पाणी दिलेलं आणि रस्ता असलेलं गवत ३ अन्न आणि २ ट्रेड देतं. तीन माणसं शेतात आणि तीन समुद्रावर लावली तर अन्न १५, म्हणजे शिल्लक ३, आणि मधली टाइल सोडून ट्रेड १५. दोन शेतात आणि चार समुद्रावर लावली तर अन्न १३, शिल्लक १, ट्रेड १६.

मुकादमाने दुसरी मांडणी निवडली. एक ट्रेड जास्त मिळवण्यासाठी दोन अन्न सोडलं. त्याला जे सांगितलं होतं त्यात तो चुकला नाही. फक्त शिल्लक अन्नाचं कोठार, जे भरलं की शहर वाढतं, ते तिप्पट वेळाने भरू लागलं. अशी सात-आठ शहरं निघाली. एका ट्रेडच्या लोभापायी ती वाढायची जवळजवळ थांबली होती, आणि शहर वाढलं असतं तर सातवा माणूसच दोन-तीन ट्रेड घेऊन आला असता. हे गणित मुकादमाला दिसत नाही. तो आजचा टर्न बघतो.

दुसरी गोष्ट शेजारच्या शहरांची. पलूस आणि कुंडलच्या हद्दी एकमेकांवर चढलेल्या होत्या, आणि एका टाइलवर एकच शहर माणूस लावू शकतं. प्रत्येक मुकादम आपल्यापुरतं बघतो, त्यामुळे चांगली टाइल आधी ज्याने धरली त्याची. पलूसने माशांची टाइल धरून ठेवली आणि कुंडल उपाशी. हाताने खेळताना दिवाणजी ती टाइल कधी इकडे तर कधी तिकडे द्यायचे. दोन बांधांमधलं पाणी वाटून घेतात, अगदी तसं.

गट पाडले

टर्न १२२ ला दिवाणजींनी यार्डाला सुट्टी असलेल्या दिवशी बसून तीन गट पाडले. शेतीची १२ शहरं: अन्न किमान २, आणि अन्नालाही थोडं वजन. समुद्रकाठची ११: अन्न किमान १, वजन ट्रेडला. कारखान्याची ८: शील्ड किमान ५, वजन शील्डला. पलूस-कुंडलच्या भांडणावर तोडगा म्हणून पलूसचा मुकादम काढून टाकला आणि ते एकच शहर हाताने चालवायचं ठरवलं. हा तोडगा मला फार आवडला. सगळं आपोआप व्हायला हवं असा हट्ट त्यांनी धरला नाही.

शहरं वाढायला लागली. टर्नला पस्तीस-चाळीस मिनिटं. इथपर्यंत हे प्रकरण कुणीही यशस्वी म्हणून सांगितलं असतं.

टर्न १२६ ला मिरजकरांची दोन लोखंडी जहाजं भिलवडीच्या किनाऱ्यापुढे येऊन थांबली. शत्रूचं सैन्य उभं असलेल्या टाइलवर माणूस लावता येत नाही. भिलवडीच्या दोन टाइल गेल्या, अन्नाची किमान शिल्लक कुठल्याच मांडणीत बसेना, आणि मुकादमाने नियमाप्रमाणे राजीनामा दिला. अशा वेळी तो निरोप पाठवतो: मागण्या पूर्ण होत नाहीत, ताबा परत देतोय. आणि तो बाजूला होतो. पुन्हा परिस्थिती सुधारली तरी आपणहून परत येत नाही.

तो निरोप त्या टर्नच्या शंभरेक निरोपांमध्ये बुडाला. भिलवडीने दोन नागरिक गमावले, तेव्हा चार टर्नांनी दिवाणजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी बंदर विकत घेतलं, मुकादम परत बसवला आणि पुढे गेले.

माझ्या मते या प्रकरणात निर्णयाची खरी जागा इथे होती. नुकसान किरकोळ होतं, म्हणून दुरुस्तीही किरकोळ झाली. भिलवडी दुरुस्त झाली, पण मुकादम राजीनामा देतो आणि आपल्याला ते कळत नाही, ही गोष्ट तशीच राहिली. मेसेजच्या पर्यायांमध्ये या निरोपाची स्वतंत्र ओळ आहे. तो खिडकीत वर उघडेल असं करायला दोन टिचक्या लागतात. त्या मारल्या गेल्या नाहीत.

मार्चअखेर

टर्न १३१ ची रात्र म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा. हिशेबाचं वर्ष संपतंय आणि हळदीचीही आवक. पुढच्या चार रात्री लॉगिन होणार नाही, हे दिवाणजींना माहीत होतं. त्यांनी तयारी केली. सगळ्या शहरांना लांबलचक वर्कलिस्ट (पुढच्या बांधकामांच्या याद्या) दिल्या. वर्कर ऑटोवर टाकले. मुकादम जागेवर होतेच. कर: सायन्स ६०, टॅक्स ४०, लक्झरी ०.

जाता जाता त्यांनी आणखी एक काम केलं. कुपवाडकरांना मदतीचा शब्द दिला होता, म्हणून हरिपूरने पोसलेल्या चार तोफांना कुपवाडकरांच्या हद्दीतल्या किल्ल्यापर्यंत जायचा हुकूम दिला. लांबचा हुकूम असला की सैन्य टर्न बदलताना आपोआप पुढे चालतं. खेळाडूची गरज नसते.

लोकशाहीत आपल्या हद्दीबाहेर गेलेल्या प्रत्येक लढाऊ तुकडीमागे तिच्या मूळ शहरातले दोन नागरिक नाराज होतात. तोफा हद्दीत होत्या तोवर हरिपूरला काही नव्हतं. पहिल्या रात्री टर्न बदलला, चारही तोफा सीमेपलीकडे गेल्या आणि नऊ नागरिकांच्या हरिपुरात आठ जणांची नाराजी येऊन पडली. दंगल.

मुकादम कुठे होता? आम्ही खेळत होतो त्या आवृत्तीत मुकादम सर्व्हरवर नसतो. तो खेळाडूच्या कॉम्प्युटरवरच्या क्लायंटमध्ये, म्हणजे खेळ ज्यातून खेळतो त्या प्रोग्राममध्ये असतो. दिवाणजींचा कॉम्प्युटर बंद, म्हणजे सगळेच मुकादम घरी झोपलेले. आपण नसताना सांभाळायला नेमलेला माणूस आपल्याबरोबरच बाहेर गेला होता. हे त्यांना माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं, आणि सर्व्हर माझ्याकडे आहे.

दुसऱ्या रात्री कुपवाडकरांना नकाशात हरिपुरावर दंगलीची मूठ दिसली. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, “हरिपुरात मूठ दिसायलीय.” दिवाणजींचा फोन खात्यांच्या ढिगाखाली. मी तो मेसेज वाचला आणि मनात म्हटलं, बघतील की. कुपवाडकरांनीही तेच म्हटलं असणार. फोन कुणीच केला नाही. दुसऱ्याच्या राज्यात लुडबुड करायची नाही असा आमचा अलिखित नियम, आणि त्या आडून आळसही लपतो.

लोकशाहीत एका शहरातली दंगल लागोपाठ चालू राहिली तर सरकारच पडतं. तिसऱ्या टर्नला ते पडलं. राज्यात अराजक.

सांगलीत राहणाऱ्या माणसाला यावरून आयर्विन पुलाची आठवण होणारच. तिथे कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४५ वर धोका पातळी. मधल्या पाच फुटांत लोक सामान माळ्यावर टाकतात, जनावरं हलवतात. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा ते पाच फूटही अपुरे पडले, पण ते मुळात होते. दिवाणजींच्या मुकादमांना फक्त धोका पातळी दिलेली होती: अन्न एवढं, शील्ड एवढी, दंगल नाही. त्याच्या अलीकडे काहीच नव्हतं. लक्झरी शून्य म्हणजे पाणी आधीच ४४ फुटांवर, आणि त्यात धरणातून चार तोफांचा विसर्ग.

सावरताना

१ एप्रिलच्या रात्री दिवाणजींनी क्लायंट उघडला. तारीख बघून त्यांना आधी आम्ही चेष्टा करतोय असंच वाटलं.

अराजकात कर ठरवता येत नाहीत. सगळं ट्रेड लक्झरीत जातं, सायन्स शून्य, टॅक्स शून्य. इमारतींचा देखभाल खर्च मात्र चालूच. खजिन्यात ३८० सोनं आणि खर्च टर्नला १३० च्या आसपास. खजिना आटला की इमारती आपोआप विकल्या जातात. आमच्या सर्व्हरवर अराजक एक ते पाच टर्न चालतं, चिठ्ठी पडेल तसं. त्यांना तीन पडले.

दुसरा तडाखा कुणाच्याच डोक्यात नव्हता. अराजकात जी टाइल २ पेक्षा जास्त देते तिच्यातून एक कापलं जातं. पाणी दिलेलं गवत ३ वरून २ वर, खाण असलेली टेकडी ३ शील्डवरून २ वर. क्लायंट उघडताच मुकादमांनी हिशेब मांडला, आणि शेतीच्या गटातल्या ११ व कारखान्याच्या गटातल्या ५ शहरांनी एकदम राजीनामे दिले. या वेळी निरोप बुडाले नाहीत. पडदाभर तेच होते.

दिवाणजी या घडीला जे वागले त्याला मी पूर्ण गुण देतो. त्यांनी सोळा शहरं हाताने दुरुस्त करायचा नाद सोडला. सगळ्या मुकादमांना एकच नवा साचा दिला: अन्न किमान ०, सगळं वजन सोन्यावर. मुकादमाने जिथे पोट भरून माणूस उरत होता तिथे त्याला टाइलवरून काढून टॅक्समन केलं, म्हणजे करवसुलीला बसवलं. टॅक्समनचं ३ सोनं करांच्या टक्क्यांवर अवलंबून नसतं, अराजकातही येतं. कारखान्याच्या शहरांनी बांधकाम थांबवून नाणी पाडायला घेतली, एका शील्डचं एक सोनं. तीन टर्नांनंतर खजिन्यात ६० च्या आसपास उरलं. एकही इमारत विकली गेली नाही. आधी ज्याने घोळात घातलं त्याच साधनाने तारलं, कारण या वेळी त्याला एकच, त्याला झेपेल असं काम सांगितलं होतं.

पुढची राज्यपद्धत कोणती यावर आमचं जमलं नाही. मी म्हणत होतो, राजेशाही घ्या. बाहेर गेलेल्या सैन्याची नाराजी नाही, शहरात सैन्य ठेवून लोकांना गप्प बसवता येतं. सायन्स मंदावेल, पण तुम्ही आठवडाभर नसलात तरी राज्य उभं राहील. दिवाणजी म्हणाले, “लोकशाही सोडली तर मिरजकर दहा टर्नांत पुढे जातील. आता मार्च संपला की.” त्यांनी लोकशाहीच परत आणली. मला अजूनही वाटतं की वर्षात दोनदा गायब होणाऱ्या माणसाने लोकशाही चालवू नये. त्यांना वाटतं मी भित्रा आहे.

लोकशाही परत आणताना त्यांनी तीन बदल केले. लक्झरी कायमची १०, आणि लॉगिन होणार नसेल त्या आधीच्या रात्री २०. मुकादमाच्या राजीनाम्याचा निरोप पडद्यावर वर येईल असं केलं. तिसरा बदल तोफांचा, आणि त्यामागे जरा गंमत आहे.

खेळात शेक्सपिअरचं नाट्यगृह नावाचं एक आश्चर्य (वंडर, म्हणजे खास इमारत) आहे. ते ज्या शहरात असतं तिथले सगळे नाराज नागरिक शांत होतात. दिवाणजींनी ते कधीच्या काळी राजधानी सांगलीत बांधलं होतं. डावपेच म्हणून नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथे पहिला प्रयोग केला, हे गाव नाट्यपंढरी, मग नाट्यगृह दुसरीकडे कसं बांधायचं? एवढाच विचार. आता त्यांनी चारही तोफा सांगलीत आणून त्यांचं मूळ शहर बदलून सांगली केलं आणि पुन्हा सीमेवर पाठवल्या. बाहेर कितीही सैन्य असलं तरी नाराजी सांगलीत येते आणि नाटकात विरते. सांगलीवर चार शील्डचा बोजा पडला, म्हणून तिला कारखान्याच्या गटात टाकलं.

निकाल

खेळ ठरल्याप्रमाणे टर्न २०० ला संपला. दिवाणजी सहांत तिसरे. अराजकाच्या दिवसांत मिरजकर सायन्समध्ये जे पुढे गेले ते हाताला लागले नाहीत, आणि शेवटी त्यांनी आटपाडी घेतली. दंगल पुन्हा चार वेळा झाली, प्रत्येक वेळी एकाच टर्नची. टर्नचा वेळ पस्तीस मिनिटांवर स्थिर राहिला.

वेगळं काय करता आलं असतं

खेळ संपल्यावर मी टर्न १३१ ची सेव्ह फाइल उघडून एक गोष्ट तपासली. दिवाणजींचा कॉम्प्युटर चार रात्री चालू राहिला असता तर हरिपूर वाचलं असतं का? नाही. चारही तोफा बाहेर असताना मुकादमाला दंगल टाळायला इतके जण करमणुकीला बसवावे लागत होते की अन्नाची किमान शिल्लक राहत नव्हती. त्याने राजीनामाच दिला. दोन तोफा बाहेर असत्या तर तीन जणांना करमणुकीला बसवून त्याने निभावलं. लक्झरी २० टक्के ठेवून तीन तोफांपर्यंतही जमलं. म्हणजे क्लायंट बंद होता ही चूक खरी, पण एकटी ती नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर त्यांचा क्लायंट चालू ठेवायची तयारी मी नंतर दाखवली होती, त्याचाही उपयोग झाला नसता. वर वीज गेली असती तर शिव्या मला.

जाण्याआधीच्या रात्री नवा हुकूम देणं हीच माझ्या मते मुख्य चूक. मुकादम नेमले, वर्कलिस्ट भरल्या, इथपर्यंतची तयारी राज्य आहे तसं ठेवायची होती. तोफांचा हुकूम राज्य बदलणारा होता, आणि तो अशा वेळी दिला की बदलाचा परिणाम बघायला कुणीच नव्हतं. कुपवाडकर चार दिवस थांबले असते. त्यांनी नंतर तसं सांगितलंही.

अन्नाच्या किमान शिलकीबाबत माझा आणि दिवाणजींचा मतभेद आहे. मला वाटतं किमान आकडे सैल ठेवावेत आणि काम वजनांकडून करून घ्यावं, म्हणजे मुकादम लवकर राजीनामा देणार नाही. ते म्हणतात, किमान आकडा घट्ट असला की निदान राजीनामा येतो आणि आपल्याला कळतं. सैल ठेवला तर शहर निमूटपणे वाळत जाईल. मार्केट यार्डात तीस वर्षं काढलेल्या माणसाचा हा मुद्दा मला खोडता आलेला नाही.

टोळीच्या पातळीवर एक नियम बदलला: दुसऱ्याच्या शहरावर मूठ दिसली तर फोन करायचा. मेसेज नाही, फोन.

आणि डेलिगेशन. पुढच्या खेळात दिवाळीच्या आठ दिवसांसाठी दिवाणजींनी आपलं राज्य नववीतल्या पुतण्याकडे दिलं. दोन संध्याकाळी बसून त्याला गट, मुकादम, लक्झरी सगळं समजावलं, वहीत लिहूनही दिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी उत्सुकतेने फोन केला. पोराने सगळे मुकादम काढून टाकले होते आणि २७ शहरं हाताने चालवत होता.

“काका, त्याला काय कळत नाही,” तो म्हणाला. “कुंडलला नुसतं समुद्रावर बसवतोय.”